पहिल्या हाकेला

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावाला जानेवारीत अशी एक वेळ येते, की बर्फ पडायचा थांबलेला असतो आणि वारा अजून सुटलेला नसतो. घरामागे शाळेचं मोठं ग्राउंड आहे. एरवी तिथं सॉकरचे गोल, बाकं, कुंपणाची जाळी सगळं दिसतं. त्या वेळी काहीच दिसत नाही. आभाळ आणि जमीन एकाच रंगाची होतात, मधली रेघ पुसली जाते आणि नजरेला टेकायला जागा उरत नाही. शेजारची माणसं अशा वेळी हौसेनं फोटो काढतात. मी किचनच्या खिडकीशी उभी राहते आणि माझं अंग हळूहळू आखडत जातं. डोळ्यांना काम उरलं नाही की कान कामाला लागतात. मी गॅस बारीक करते. नळ बंद करते.

"काय ऐकतेयस?" माझा नवरा जयंत मागून विचारतो.

"काही नाही."

तो डिशवॉशर अर्धा रिकामा असला तरी लावून टाकतो. घरात घरघर सुरू होते, आणि मी पुन्हा भाजी चिरायला घेते.

बर्फाची मला भीती नाही. तीस वर्षं मिशिगनमध्ये काढलेल्या बाईला बर्फाची कसली भीती? मला आठवतो तो दुसराच हिवाळा, ऐन जुलैमध्ये आमच्या वाट्याला आलेला. इकडं लोक अंगणात मक्याची कणसं भाजत होते, आणि आम्ही दोघं विमानात बसून पृथ्वीच्या खालच्या अंगाला गेलो, जिथं जुलैत थंडी पडते.

जयंत तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. त्याचं आयुष्य मोटारींच्या कंपनीत गेलं, आणि तेही एका चमत्कारिक कामात. गाडीत कुठून तरी नको तो आवाज येतो, खडखड, कुरकुर, शिट्टी. तो कुठून येतो ते शोधून काढायचं आणि बंद करायचं. आमच्या घरातलं एकही दार कधी करकरलं नाही. "आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी सैल आहे," हे त्याचं नेहमीचं वाक्य. मी फार्मसीत काम करते, तिथून मोठी रजा घेतली. अनिकेत, आमचा एकुलता एक मुलगा, सिअ‍ॅटलला सॉफ्टवेअरमध्ये होता. तो आदल्या थँक्सगिव्हिंगला आला नव्हता, काम फार आहे म्हणाला होता. मुलांना काम असतंच. आम्ही आफ्रिकेचं बुकिंग केलं तेव्हा त्यानं फोनवर अंगठा पाठवला होता.

केपटाउन सुंदर होतं, पण मला आठवतं ते वेगळंच. दुपारी आमच्या सावल्या चुकीच्या बाजूला पडायच्या. तिकडं सूर्य उत्तरेकडून जातो हे आम्ही शाळेत शिकलो होतो, तरी शरीराला ते पटत नव्हतं. दिशांचा एवढा पक्का असलेला जयंत रोज हॉटेलातून बाहेर पडताना उलटीकडं वळायचा. संध्याकाळी समुद्रावर चंद्रकोर दिसली, ती उलट्या बाजूला वळलेली. "अगं, हा चंद्र कुणीतरी उलटा टांगलाय," तो हसत म्हणाला. मीही हसले. पेंग्विन पाहिले, डोंगरावर चढणारी केबल कार पाहिली, त्या डोंगराच्या सपाट माथ्यावरून दुधासारखा उतू जाणारा ढग पाहिला. तरी कोर पाहिल्यापासून मला वाटत होतं, की आपण ओळखीच्या जगाच्या अस्तराच्या बाजूला आलो आहोत. कापड तेच, पण शिवण बाहेर दिसतेय.

तिथून आम्ही बोट्स्वानाला गेलो. छोट्या विमानातून खाली पाहिलं, तेव्हा मला वाटलं खाली बर्फ आहे. ते मीठ होतं. कधी काळी तिथं प्रचंड तळं होतं म्हणे. ते आटलं आणि तळाशी मिठाचा पापुद्रा राहिला, नजर पोचेल तिथपर्यंत आणि त्याच्याही पलीकडं. झाड नाही, दगड नाही, गवताची काडी नाही. त्या मैदानाच्या काठाला आमचा तंबूंचा कॅम्प होता. फोनला रेंज नव्हती. जयंत खूश होता. "चार दिवस कुणी आपल्याला शोधू शकणार नाही," तो म्हणाला. मला ते वाक्य आवडलं नाही. परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसांचं अर्धं आयुष्य फोन उशाशी ठेवून जातं. आई-वडील गेले तरी ती सवय जात नाही.

पहिल्या सकाळी मुंगसासारखे छोटे मीरकॅट पाहिले. ते मागच्या पायांवर उभे राहून सूर्याकडं पोट करून ऊब घेतात. एक तर जयंतच्या खांद्यावर चढून बसला आणि टेहळणी करू लागला. जयंतनं श्वास रोखला होता. माझ्याकडं फक्त डोळ्यांनी बघून तो हसत होता. त्या सकाळचा त्याचा चेहरा मला फार प्रिय आहे. त्यानंतर बरेच महिने तो तसा हसला नाही.

दुपारनंतर कॅम्पवरची गाइड, नेओ नावाची उंच, गमतीशीर मुलगी, आम्हाला चार चाकांच्या मोटारसायकलींवरून मैदानाच्या आत घेऊन गेली. बरोबर एक जर्मन जोडपं होतं. तोंडाला फडकी बांधून आम्ही खूप आत गेलो. मागं वळून पाहिलं तर काठ नाहीसा झालेला. नेओनं इंजिनं बंद करायला लावली. म्हणाली, आता प्रत्येकानं वेगळ्या दिशेला चालत जा, एकटे पडा, पाठीवर झोपा, बोलू नका. मी हात हलवला की परत या. सगळेच पाहुणे हे करतात. काहींना रडू येतं, काहींना झोप लागते.

मी चालत गेले. पायाखाली पापुद्रा पापडासारखा मोडत होता. मग मी उताणी पडले.

ती शांतता कशी सांगू? आपण जिला शांतता म्हणतो तिच्यात पंखा असतो, लांबचा कुत्रा असतो, फ्रिज असतो. इथं काहीच नव्हतं. आधी मला माझं हृदय ऐकू आलं, मग कानातलं रक्त. पापण्या मिटल्याचा आवाज येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. सूर्य कलला होता, आभाळ फिकट जांभळं होत होतं, आणि मला बल्लारपूर आठवलं.

माझे वडील तिथं कागदाच्या गिरणीत होते. आमच्या क्वार्टरच्या मागे जंगल सुरू व्हायचं. आई घाबरट नव्हती, पण एका बाबतीत भयंकर कडक होती. तिन्हीसांजेला बाहेरून कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. "माणूस असलं तर पुन्हा हाक मारंल," ती म्हणायची. "आणि माणूस नसलं तर?" मी विचारायची. ती माझ्या वेणीला जोरात पेड घालायची आणि उत्तर द्यायची नाही.

हे आठवून मी बहुधा हसतच होते. तेवढ्यात हाक आली.

"आई."

किंकाळी नव्हती. रडणं नव्हतं. मूल आतल्या खोलीत एकटंच खेळत असतं, आणि मधूनच, तू आहेस ना हे बघायला, हाक मारतं, तशी ती होती. माझ्या डाव्या बाजूनं आली. आवाज चार-पाच वर्षांच्या मुलाचा होता आणि माझ्या मुलाचा होता. ते मला क्षणभरही शोधावं लागलं नाही. आपलं मूल गर्दीत पाठमोरं असलं तरी ओळखू येतं ना, तसं.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. पुढची आठवण आहे ती जयंतच्या हाताची. त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की नंतर तिथं निळं पडलं. मी उभी होते. त्याला दम लागला होता.

"कुठं चालली होतीस?" तो ओरडला. आमच्या संसारात तो माझ्यावर फार क्वचित ओरडला असेल.

"कुठं म्हणजे? मी झोपलेय."

त्यानं माझं तोंड मागं वळवलं. पापुद्र्यावर माझ्या पावलांची सरळ रेघ उमटली होती, आणि तिच्या टोकाला, मोहरीएवढ्या, आमच्या मोटारसायकली.

"मी केव्हापासून हाका मारतोय तुला! एकदाही वळली नाहीस. पहिल्यांदा जोरात 'ओ' दिलीस, उठलीस आणि चालायला लागलीस."

"मी ओ दिली?"

"केवढ्यांदा! सगळ्यांनी ऐकली. म्हणून तर मी उठून बघितलं."

"मग हाकही ऐकली असशील."

"कुणाची हाक?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा बदलला, आणि मग लगेच तो इंजिनिअर झाला. त्यांच्या कंपनीत सगळा आवाज शोषून घेणारी एक खोली होती. तिच्यात माणसाला फार वेळ ठेवत नसत. काहींना घंटा ऐकू यायच्या, काहींना कुजबुज. "मेंदूला काही मिळालं नाही की तो स्वतःच आवाज तयार करतो. नॉर्मल आहे, अगदी नॉर्मल आहे," तो म्हणत राहिला. पण परत येताना त्यानं मला त्याच्याच गाडीवर मागं बसवलं, आणि एक हात मागं करून माझा गुडघा धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मीरकॅट बघायला गेले नाही. अनिकेतला फोन केल्याशिवाय पाणीसुद्धा घशाखाली उतरणार नाही, असं झालं होतं. नेओनं आम्हाला जीपमधून जवळच्या गावात नेलं. हायवेवर पेट्रोलपंप होता, तिथं रेंज आली. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा वाजत असतानाच मेसेज आला: "ऑल गुड मम्मा. इन मीटिंग्ज. एन्जॉय द लायन्स!"

"बघ," जयंत म्हणाला. "मिळालं समाधान?"

"मला आवाज ऐकायचाय."

"मीटिंगमध्ये आहे तो."

"आत्ता तिकडं काय वाजलेत, जयंत? कसल्या मीटिंग्ज या वेळी?"

त्यानं बोटांवर तास मोजले; तिकडं मध्यरात्र उलटली होती. मी लिहिलं, फक्त एक मिनिट बोल. उत्तर आलं नाही. पंपावर एक गाढव उभं होतं, ते आमच्याकडं बघत होतं. उन्हात थंडी वाजत होती.

"हे बघ," जयंत समजुतीच्या सुरात म्हणाला, "व्हिक्टोरिया फॉल्स राहिलाय. आयुष्यात पुन्हा इथं येणं होणार नाही. एका भासापायी सगळं कॅन्सल करायचं? आणि त्याच्या दारात जाऊन सांगायचं काय? तुझ्या आईला हाक ऐकू आली?"

"हो. तेच सांगायचं."

तो लांब जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता भांडण होणार. पण बऱ्याच वेळानं तो परत आला तो फोन कानाला लावूनच, आणि एअरलाइनच्या बाईला आमची नावं स्पेलिंगसकट सांगत होता. त्यानं मत का बदललं हे मी तेव्हा विचारलं नाही. कारण सांगितलं आणि ते कच्चं निघालं तर, अशी भीती होती.

परतीच्या त्या लांबलचक प्रवासाचं काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की जोहान्सबर्गच्या विमानतळावर कुठल्याशा बाळानं हाक मारली आणि मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले. अनिकेतला आम्ही येतोय हे कळवलं नाही. जयंतचं म्हणणं होतं, कळवलं तर तो नको म्हणेल. आम्ही येतोय हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सिअ‍ॅटलचा जुलै म्हणजे स्वर्ग असतो. स्वच्छ ऊन, निळं पाणी, रस्त्यावर आइस्क्रीम खाणारी मुलं. अनिकेतच्या बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये जाड गालिचा होता, आमच्या बॅगांच्या चाकांचा आवाजही येत नव्हता. बेल वाजवली. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली. मग कडी निघाली.

तो दारात उभा होता. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. आम्हाला बघून तो दचकला नाही. त्याला आश्चर्यही वाटलं नाही. घड्याळाकडं बघावं तसं त्यानं आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ओ. आय थॉट यू वेअर कमिंग टुमॉरो."

पुढं कितीदा तरी मी त्याला हे विचारलं. आपण असं म्हणाल्याचं त्याला आठवत नाही.

आत पडदे ओढलेले होते. घर अस्ताव्यस्त असेल, अशी माझी कल्पना होती. ते लख्ख आवरलेलं होतं. इतकं, की तिथं कुणी राहतं असं वाटू नये. भिंतीवरची गिटार नव्हती. "चकली कुठाय?" मी विचारलं. चकली त्याची मांजर. "गेव्ह हर टू द नेबर," तो म्हणाला. भिंतीशी खोकी रचली होती, प्रत्येकावर मार्करनं त्याच्या एकेका मित्राचं नाव. मी फार्मसीत काम करते. माणसं कशा कशा चेहऱ्यानं काउंटरपाशी येतात ते मला माहीत आहे. तरी माझं डोकं मला समजू देत नव्हतं. तो घर बदलतोय, असं ते मला घाईघाईनं सांगत होतं.

जयंत खोलीच्या मधोमध उभा होता, मान किंचित वाकडी करून. त्याच्या कामाची ती ढब मला पाठ होती. तो आवाज शोधत होता. मग तो किचनमध्ये गेला आणि तिथूनच म्हणाला, "फ्रिज बंद आहे."

मी जाऊन बघितलं. फ्रिजची वायर काढून नीट गुंडाळून ठेवली होती. आतून पुसून स्वच्छ केला होता, आणि वास येऊ नये म्हणून दाराच्या फटीत नॅपकिनची घडी अडकवली होती. लांबच्या प्रवासाला निघताना मीच त्याला तसं करायला शिकवलं होतं.

"अनिकेत," जयंत अगदी हळू म्हणाला, "कुठं निघाला आहेस, बाळा?"

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. मग तो होता तिथंच जमिनीवर बसला, भिंतीला पाठ टेकून.

"नोव्हेअर," तो म्हणाला. आणि मग मराठीत, लहानपणीच्या तुटक मराठीत, "बाबा, मी खूप दमलोय."

मी त्याच्याजवळ बसले. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, ते दगडासारखं जड होतं. जयंतनं फ्रिजमधला नॅपकिन काढला, दार लावलं, वायर सोडवली आणि प्लग आत ढकलला. मोटर एकदा अडखळली आणि सुरू झाली. त्या घरात तेवढा एक आवाज होता. आम्ही तिघंही तो ऐकत बसलो.

नोकरी मार्चमध्ये गेली होती. पण नोकरी हे कारण नव्हतं. ते निमित्त होतं. त्याआधीपासूनच त्याच्या आत काहीतरी एकेक दिवा मालवत चाललं होतं, आणि तो आम्हाला अंगठे आणि हसरे चेहरे पाठवत राहिला होता. त्याच दिवशी आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. चेहऱ्यावर सुरकुत्या असलेल्या एका शांत डॉक्टरबाईंनी त्याला सरळ, स्पष्ट प्रश्न विचारले, आणि त्यानं सरळ उत्तरं दिली. मी ती ऐकली. इथं ती लिहिणार नाही. फक्त एवढंच, की आम्ही चार दिवस मिठाच्या मैदानात राहून, धबधबा बघून, ठरल्या वेळी परतलो असतो, तर उशीर झाला असता.

तो सगळा उन्हाळा आम्ही त्याच्या घरात काढला. त्याला एकटं सोडायचं नाही असं ठरलं होतं. मी पोळ्या करायची, तो अर्धी खायचा. जयंत त्याच्याबरोबर पाण्याकाठी चालायला जायचा, दोघं एक शब्द न बोलता परत यायचे. एका मित्रानं गिटार परत आणून दिली. शेजारीण चकलीला घेऊन आली. मांजर खोलीभर हिंडली, प्रत्येक कोपरा हुंगला आणि मग अनिकेतच्या छातीवर चढून बसली. तिकडची संध्याकाळ संपत नाही. जेवणं झाली तरी बाहेर ऊन. मी त्या उजेडात बसून त्याचा श्वास ऐकायची. तो झोपला की मला त्या मैदानासारखं वाटायचं. कान ताणून, डावीकडं.

शरद ऋतूत आम्ही त्याला, चकलीला आणि गिटारला घेऊन ट्रॉयला आलो. हळूहळू फरक पडला. गोष्टीतल्यासारखा एका दिवसात काही नाही. औषधं बदलली, पुन्हा बदलली. एक दिवस त्यानं आपणहून दाढी केली. एक दिवस वरणात मीठ कमी आहे म्हणून कुरकूर केली, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. आता तो अ‍ॅन आर्बरला राहतो, एका छोट्या कंपनीत काम करतो, शनिवार-रविवार आमच्याकडं येतो.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात, तो पुरेसा बरा झाल्यावर, मी त्याला सगळं सांगितलं. आम्ही तिघं टेबलाशी मटार सोलत होतो. मैदान, शांतता, हाक. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पण मी हाक नव्हती मारली, मम्मा," तो म्हणाला. "आय वॉजन्ट कॉलिंग एनीवन. दॅट वॉज द होल प्रॉब्लेम."

"तोंडानं नसशील मारली. मनातून..."

"मनातूनही नाही. रिअली." त्यानं एक शेंग फोडली, दाणे भांड्यात पाडले. मग मान वर केली. "आणि तू काय ऐकलंस म्हणालीस? 'आई'?"

"हो."

"मी तुला कधीच आई नाही म्हटलं. आय ऑल्वेज कॉल्ड यू मम्मा. इव्हन अ‍ॅज अ बेबी."

मी जयंतकडं बघितलं. तो खाली बघून मटार सोलत होता. खरंच होतं ते. डे-केअरमधून शिकून आलेला 'मम्मा' हा त्याचा पहिला शब्द. मी किती प्रयत्न केला होता आई म्हणायला शिकवायचा! कधी म्हणाला नाही. हे मला, त्याच्या आईला, इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. आवाज त्याचा होता, शपथेवर सांगते. पण तो शब्द त्याचा नव्हता. मला दुसरं मूल झालेलं नाही. होऊन गेलेलंही नाही. मला आई म्हणून हाक मारणारं या जगात कुणी नाही आणि कधी नव्हतं.

अनिकेत अ‍ॅन आर्बरला परत गेला. संध्याकाळी जयंत सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. टीव्ही बंद होता.

"तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "पेट्रोलपंपावर मी मत का बदललं ते."

"का?"

"तू चालत निघालीस ना, तेव्हा मी उठून बघितलं. मला दोन माणसं दिसत होती."

मी त्याच्याकडं वळून बसले.

"तू आणि तुझ्या डाव्या हाताला आणखी कुणीतरी. तू मान थोडी खाली करून चालली होतीस, लहान मुलाशी बोलताना करतो तशी. उन्हाची तिरीप असेल, हवा थरथरत होती, मला माहितीये सगळं. मी धावलो. जवळ आलो तेव्हा तू एकटीच होतीस."

"लहान होतं?" मी विचारलं.

त्यानं खूप विचार केला. आयुष्यभर मोजमापं घेतलेला माणूस तो, चुकीचं उत्तर त्याला द्यायचं नव्हतं.

"लहान होतं की लांब होतं," तो म्हणाला, "ते तिथं कळत नव्हतं."

त्यानंतर आम्ही यावर बोललेलो नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका आफ्रिकेबद्दल विचारतात, तेव्हा मी पेंग्विनचे फोटो दाखवते. बाकीचं सांगितलं तर कुणी म्हणेल, परमेश्वरानंच बोलावणं धाडलं. कुणी म्हणेल, मुलगा कित्येक महिने दूर दूर चालला होता, ते आईला आतल्या आत ठाऊकच होतं, शांतता मिळाल्यावर वर आलं. दोन्ही मला मान्य आहे. दिवसा तर नक्कीच मान्य असतं. पण जे कुणी होतं त्यानं मला माझ्या मुलाकडं पाठवलं, की ते मला घेऊन दुसरीकडंच निघालं होतं आणि जयंत मध्ये आला, हे मला ठरवता येत नाही. पावलं तर सिअ‍ॅटलकडं जात नव्हती. ती मैदानाच्या आत आत जात होती.

जयंतला अजून तो धबधबा बघायचाय. अधूनमधून तो त्याचे व्हिडिओ लावतो, आवाज मोठा करून. बघू, मी म्हणते.

परवा रविवारी पुन्हा तसंच पांढरं पडलं होतं. अनिकेत आणि जयंत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते आणि फावडं कसं धरायचं यावरून वाद घालत होते. चहा झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, म्हणून तो निघाला. मी डबा दिला. रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ अजून टाकलेलं नव्हतं, समोरचं घरही दिसत नव्हतं. थांब म्हणावंसं वाटलं, पोचल्यावर फोन कर म्हणावंसं वाटलं. म्हणाले नाही. त्याच्या डॉक्टरबाईंनी मला शिकवलेल्या गोष्टींपैकी ही सर्वात अवघड.

मी दारात उभी राहिले, स्वेटर गळ्याशी धरून. त्याची गाडी सावकाश गल्लीतून गेली, फिकट होत गेली, आणि मला वाटलं आता ती पुसली जाणार. कोपऱ्याशी ती थांबली. पुढं-मागं कुणी नव्हतं, एक गाडी नव्हती, माणूस नव्हता, सगळीकडं नुसतं पांढरं. तरी त्या पांढऱ्यात पिवळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. वळायच्या आधी माझ्या मुलानं इंडिकेटर दिला होता.